जुन्या आइस रिंकचं नूतनीकरण: आधी जमिनीखालचं, मग डोळ्यांना दिसणारं

तीस-पस्तीस वर्षं वापरलेल्या सार्वजनिक आइस रिंकच्या नूतनीकरणाची चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होते. खुर्च्या मोडल्यात, कपडे बदलायच्या खोल्यांना कुबट वास येतो, स्कोअरबोर्डचे निम्मे दिवे गेलेत. तक्रारी खऱ्या असतात आणि रोज कानावर पडतात, म्हणून पैसाही आधी तिकडेच जातो. पण खुर्च्या मोडल्या म्हणून रिंक बंद पडत नाही. ती बंद पडते चिलरची (बर्फाखालच्या पाइपांत फिरणारं खारं पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) नळी गळल्यामुळे, स्लॅबमधला (बर्फाखालच्या काँक्रीटच्या थरातला) पाइप फुटल्यामुळे, स्लॅबखालची माती गोठून फुगल्यामुळे किंवा छताचा सांगाडा कमजोर झाल्यामुळे. या चौघांची खरी अवस्था कळल्याशिवाय कुठलाही पर्याय तोलता येत नाही. खाली दिलेला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिला प्रश्न: अजून किती वर्षं चालवायची?

हा आकडा व्यवस्थापन समितीने लेखी ठरवावा, आणि तोही तज्ज्ञ बोलावण्याआधी. आठ वर्षांसाठी जो पर्याय शहाणपणाचा असतो, तोच पंचवीस वर्षांसाठी उधळपट्टी ठरू शकतो. उलटही तितकंच खरं. आकडा ठरवताना तीन गोष्टी समोर ठेवा: आठवड्यातले किती तास खरोखर भरलेले असतात, इमारतीची जागा पुढेही आपल्याच ताब्यात राहणार आहे का, आणि बर्फ हंगामी ठेवायचा की बारमाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. जुन्या अनेक रिंक वर्षातले सहा-सात महिने चालवण्यासाठी बांधलेल्या होत्या. त्यांच्या स्लॅबखाली इन्सुलेशन नाही आणि माती उबदार ठेवणारे पाइपही नाहीत. उन्हाळ्यात बर्फ काढला की माती पुन्हा वितळायची, म्हणून तेव्हा ते चालून गेलं. पुढे मागणी वाढली, रिंक बारमाही झाली, आणि गोठलेल्या मातीचा थर दरवर्षी खोल जाऊ लागला. अशा रिंकमध्ये नवा चिलर बसवून बारमाही वापर तसाच सुरू ठेवणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

तपासणी: काय मोजायचं आणि कसं

सुरुवात कागदांपासून करा. मूळ नकाशे, कॉम्प्रेसरच्या तासमापकाच्या नोंदी, ब्राइनच्या (त्या खाऱ्या पाण्याच्या) चाचण्या, तीन वर्षांची महिनावार वीजबिलं आणि शीतक (यंत्रात फिरून उष्णता काढून नेणारा पदार्थ) भरल्याची वही. या शेवटच्या वहीतून एक साधा भागाकार करायचा: वर्षभरात भरलेलं शीतक भागिले यंत्रणेतलं एकूण शीतक. ३०० किलोच्या यंत्रणेत वर्षाला ६० किलो भरावं लागत असेल, तर ती २० टक्के गळती आहे. तिथे 'दुरुस्त करून चालवू' हा पर्याय कागदावर दिसतो तितका स्वस्त नसतो.

त्यानंतर चिलर. जुन्या रिंकमध्ये बहुधा शेल-अँड-ट्यूब चिलर असतो: आतल्या नळ्यांतून ब्राइन वाहतं आणि नळ्यांभोवती अमोनिया उकळत असतो. ब्राइन म्हणजे इथे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, विशिष्ट गुरुत्व साधारण १.२० ते १.२२. गंज प्रतिबंधक कमी पडला किंवा हवा मिसळत राहिली, तर ते स्टील खात जातं. वीस-पंचवीस वर्षांनंतर नळ्यांची जाडी मोजल्याशिवाय चिलरबद्दल मत देणाऱ्या माणसावर विसंबू नका. मोजणीसाठी ब्राइन काढून दोन्ही टोकांची झाकणं उघडावी लागतात. शिवाय नळ्या कार्बन स्टीलच्या असतील तर नळीची जाडी तपासणारी नेहमीची एडी करंट चाचणी तिथे नीट चालत नाही. रिमोट फील्ड पद्धत मागावी लागते. कोटेशनमध्ये पद्धतीचं नाव लिहून घ्या.

चिलर चालू असतानाही एक चाचणी दर आठवड्याला व्हायला हवी. ब्राइनचा नमुना घ्या, सामू मोजा आणि अमोनिया ओळखणाऱ्या नेसलर अभिकर्मकाचे थेंब टाकून पाहा. पिवळा-तपकिरी रंग आला, तर ब्राइनमध्ये अमोनिया उतरतोय. सामू कारणाशिवाय वर सरकत असेल, तर तीही तीच खूण. अशा वेळी चिलर बाजूला काढायचा; 'हंगाम संपेपर्यंत बघू' हे उत्तर नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नी इथल्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन माणसं अमोनियाने गेली. चिलरच्या नळीतल्या छिद्रातून अमोनिया ब्राइनमध्ये गेला, ब्राइनच्या पाइपमध्ये दाब वाढला आणि जोड निसटला. गळतीची खूण आधीच मिळालेली होती, तरी चिलर पुन्हा सुरू केला होता. जुना चिलर बदलायचा की ढकलायचा हे ठरवणाऱ्या प्रत्येक समितीने त्या घटनेचा चौकशी अहवाल वाचायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

स्लॅबची तपासणी तीन अंगांनी होते. पहिलं अंग पातळी. बर्फ काढलेला असेल तर ३ मीटरच्या चौकटीत लेझर लेव्हलने उंची घ्या. ६१ × २६ मीटरच्या रिंकमध्ये दोनशेच्या आसपास बिंदू होतात. बर्फ असताना करायचं असेल, तर बिंदूगणिक बारीक ड्रिलने बर्फाची जाडी मोजा. मात्र ड्रिलला खोलीचा अटकाव लावूनच, कारण पाइपवर काँक्रीटचं आच्छादन बऱ्याचदा जेमतेम २५ मिलिमीटर असतं. चांगल्या स्लॅबवर बर्फ सगळीकडे २५ ते ३८ मिलिमीटर असतो. मधल्या पट्ट्यात २५ आणि कडेला ७० निघत असेल, तर स्लॅब मध्यभागी उचलला गेलाय. कडेने बाहेरची ऊब आत शिरते, म्हणून कडेची माती कमी गोठते आणि फुगवटा मध्ये, रिंकच्या लांबीच्या दिशेने येतो. सोबतच्या खुणा: लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भेगा, बोर्डाखाली (रिंकभोवतीच्या कठड्याखाली) पडलेली फट, आणि खेळाडूंच्या बाकांकडची अडकणारी दारं.

दुसरं अंग पाइप. १०० मिलिमीटर अंतराने टाकलेल्या पाइपांची एकूण लांबी अशा रिंकमध्ये सुमारे १६ किलोमीटर भरते. प्लॅस्टिकचा पाइप सहसा टिकून राहतो. आधी जातात ते हेडर, म्हणजे सगळे पाइप ज्यांना जोडलेले असतात ते जाड स्टीलचे नळ. ते एका टोकाच्या चरात असतात. झाकणं उचला, ओलं झालेलं इन्सुलेशन कापून काढा आणि पट्ट्याखालचा गंज खरवडून बघा. वरून रंग शाबूत आणि खाली पोपडे निघतायत, हे नेहमीचं चित्र. रबरी जोडनळ्या बोटांनी दाबा. कडक झाल्या असतील, भेगाळल्या असतील किंवा क्लॅम्पभोवती पांढरी मिठाची कड धरली असेल, तर त्या सगळ्या एकदम बदलायच्या, एक-एक करत नाही. पाइपांची दाबचाचणी लूपगणिक (हेडरमधून निघून परत येणाऱ्या प्रत्येक पाइपाची वेगळी) घ्या, आणि बर्फ असताना थर्मल कॅमेऱ्याने वरून छायाचित्र काढा. न वाहणारा लूप उबदार पट्ट्यासारखा स्पष्ट दिसतो.

तिसरं अंग माती. स्लॅबच्या मध्यावर एका जागी पाइप चुकवून छिद्र घ्या आणि खाली १, २, ३ मीटरवर तापमान मोजा. शून्याखालचा थर किती खोल गेलाय, यावरच पुढचे अर्धे निर्णय ठरतात.

मग छत. २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतल्या बाड राइखेनहाल इथल्या रिंकचं छत बर्फवृष्टीत कोसळून १५ जण गेले, त्यातली १२ मुलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे लाकडी पेटी-गर्डर ज्या डिंकाने जोडले होते, तो ओल सहन करणारा नव्हता. रिंकच्या छतात ओल येणं अपवाद नसून नियम आहे. छताची आतली बाजू खालच्या बर्फाकडे उष्णता फेकत राहते, स्वतः थंड होते आणि हवेतलं पाणी तिच्यावर साठतं. बर्फावर ठराविक जागी येणारे छोटे कठीण उंचवटे दिसले, तर बरोबर त्यांच्या वर बघा; थेंब तिथूनच पडतायत. छत पेलणाऱ्या स्टीलच्या कैच्यांची (ट्रसची) जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने घ्या. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल किंवा डिंकाच्या रेषेत पातं शिरत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी निर्णय येईपर्यंत प्रेक्षक आत घेऊ नका.

यंत्र निवडण्याआधी भार कमी करा

सर्वांत महागडी चूक म्हणजे जुन्या यंत्रावरची पाटी वाचून तेवढ्याच क्षमतेचं नवं मागवणं. जुनं यंत्र ज्या उष्णतेशी झगडत होतं, तिचा मोठा भाग थांबवता येतो.

छतापासून सुरू करा. १५ अंशांचं साधं छत उणे ५ अंशांच्या बर्फाकडे दर चौरस मीटरला सुमारे ८५ वॅट उष्णता निव्वळ प्रारणाने फेकतं. पूर्ण रिंकवर हा आकडा १२०-१३० किलोवॅटपर्यंत जातो. छताखाली कमी उत्सर्जनाचा चकचकीत पडदा ताणला की तीच उष्णता चार-पाच वॅटवर येते. पडदा स्वतः थंड होत नाही, त्यामुळे थेंब पडणंही थांबतं, आणि उजेड परावर्तित झाल्याने दिवे कमी लागतात. आमच्या मते नूतनीकरणातला हा सर्वांत कमी कटकटीचा आणि लवकर वसूल होणारा भाग आहे. दोन अटी मात्र पाळा: अग्निशमनाच्या फवाऱ्यांची जागा आणि उंची पुन्हा तपासून घ्यायची, आणि पडद्यावर धूळ साठू द्यायची नाही, कारण धुळीने त्याचा गुण जातो.

छतावर नवं इन्सुलेशन टाकायचं असेल तर एक धोका आधी लक्षात घ्या. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात आजवर आतली ऊब वरचं हिम वितळवत होती. इन्सुलेशन वाढलं की हिम साचून राहतं आणि छतावरचं वजन वाढतं. सांगाड्याची गणितं नव्याने केल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

बर्फावर पाणी टाकून तो गुळगुळीत करणारी गाडी एका फेरीत साधारण ५०० लिटर पाणी सोडते. पाणी ६५ अंशांचं असेल, तर ते गोठवून उणे ५ वर नेण्यासाठी सुमारे ८६ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. १५ अंशांच्या पाण्याला सुमारे ५७. म्हणजे फेरीमागे २९ किलोवॅट-तासांचा फरक, शिवाय तेवढीच ऊर्जा पाणी तापवायला आधीच खर्च झालेली. दिवसाला दहा फेऱ्यांचा हिशेब करून बघा. गरम पाणी वापरतात ते त्यात विरघळलेली हवा कमी असते म्हणून. थंड पाण्यातली हवा काढणारी भोवरा-नळी बसवली तर तो फायदा थंड पाण्यातही मिळतो. पाणी फार जड असेल तर आधी क्षार कमी करा, नाहीतर बर्फ पांढुरका आणि ठिसूळ होतो.

गाडी गॅसवर किंवा पेट्रोलवर चालत असेल, तर विजेवरची घेण्याचं मुख्य कारण आतली हवा आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड बर्फालगतच्या थंड, संथ हवेत साठून राहतात, आणि लहान मुलं नेमकी त्याच उंचीवर जोरजोरात श्वास घेत असतात.

बर्फाची जाडी हा फुकटातला उपाय. दर चौरस मीटरला १५० वॅट भार धरला, तर २५ मिलिमीटर जादा बर्फामागे स्लॅब सुमारे १.७ अंश अधिक थंड ठेवावा लागतो. हॉकीला पृष्ठभाग उणे ५ ते उणे ६ लागतो, फिगर स्केटिंगला उणे ३ ते उणे ४ पुरतो. मग रात्रंदिवस हॉकीचं तापमान कशाला ठेवायचं? ब्राइनच्या पंपाला गती नियंत्रक लावा. वेग ७० टक्क्यांवर आणला की वीज साधारण एकतृतीयांश लागते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पंपाची उष्णता ब्राइनमध्येच जाते, म्हणून हा फायदा दुहेरी.

आर्द्रता कमी करण्यासाठी हवेतलं पाणी थंड कॉइलवर (नळीच्या वेटोळ्यावर) धरून काढणारं यंत्र स्वस्त पडतं, पण रिंकच्या थंड हवेत ते कॉइलवर बर्फ धरतं आणि ढेपाळतं. बारमाही रिंकला शोषक चाकाचं डीह्युमिडिफायर (ओलावा शोषणारं चाक फिरवून हवा कोरडी करणारं यंत्र) घ्यावं. त्याच्या चाकाला लागणारी ऊब यंत्राच्या टाकाऊ उष्णतेतून काही अंशी भागवता येते.

शीतकाचा पर्याय

आर-२२ वर (ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या जुन्या शीतकावर) चालणाऱ्या रिंकला फारसा पर्याय उरलेला नाही. युरोपीय संघात २०१५ पासून दुरुस्तीसाठी पुनर्वापरातलं आर-२२ सुद्धा चालत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून त्याचं उत्पादन आणि आयात बंद आहे. त्याच यंत्रात दुसरं मिश्रण भरता येतं, पण तेल बदलावं लागतं, जुनी रबरी सीलं आकसून गळू लागतात आणि क्षमता थोडी घटते. दोन-तीन हंगाम काढायचे असतील तरच हा मार्ग. काही रिंकमध्ये आर-२२ थेट स्लॅबच्या पाइपांतून फिरतं. तिथे चिलर बसवून त्याच पाइपांत ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) सोडायचा सल्ला मिळेल. पाइपाचा व्यास आणि लांबी त्या प्रवाहाला पुरते का, हे गणिताने दाखवल्याशिवाय तो मान्य करू नका.

आर-४०४ए आणि आर-५०७ए या शीतकांपासून दूर राहा. त्यांची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३,९०० ते ४,००० पट आहे, आणि मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर अशा शीतकांचा पुरवठा टप्प्याटप्प्याने आटत चालला आहे. आज बसवलेलं यंत्र दहा वर्षांनी पुन्हा अनाथ होईल.

अमोनिया कार्यक्षम आहे, स्वस्त आहे, हवामानाला निरुपद्रवी आहे आणि विषारी आहे. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) झाला की जिवाला तत्काळ धोका धरला जातो. आधीपासून अमोनिया असेल, यंत्रखोली स्वतंत्र असेल आणि शिकलेला ऑपरेटर असेल, तर शेल-अँड-ट्यूब काढून प्लेट चिलर (नळ्यांऐवजी पातळ पत्र्यांच्या थरांचा) बसवणं हा उत्तम पर्याय. अमोनियाचा साठा बराच कमी होतो. गोची अशी की प्लेटांमधली वाट अरुंद असते. जुन्या स्टीलच्या हेडरमधून सुटलेला गंज तिथे अडकतो, प्रवाह घटतो आणि ब्राइन प्लेटमध्येच गोठू शकतं. म्हणून आधी जुनं ब्राइन काढून पाइप धुवायचे, बारीक गाळणी लावायची आणि प्रवाह कमी होताच यंत्र थांबवणारा स्विच बसवायचा. शोधक, पंखे, सुरक्षा व्हॉल्व्हचा उंच सोडलेला पाइप आणि यंत्रखोलीबाहेर लावलेलं आपत्कालीन बटण हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत हवं, 'इतर' या रकान्यात नको.

कार्बन डायऑक्साइड हा तिसरा रस्ता. क्वेबेकमधल्या सँ-जेदेऑं-द-बोस इथल्या रिंकने २०१० मध्ये निव्वळ त्यावर बर्फ करून दाखवला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचं स्पीड स्केटिंगही अशाच बर्फावर झालं. त्याचा खरा फायदा टाकाऊ उष्णतेत आहे: ६० अंश आणि वरचं पाणी सहज मिळतं, त्यातून शॉवर, गाडीचं पाणी, बर्फाचा चुरा वितळवायचा खड्डा आणि स्लॅबखालची ऊब सगळं भागतं. पण ३१ अंशांच्या वर तो द्रवरूप होत नाही, म्हणून उष्ण हवामानात कार्यक्षमता पडते आणि इजेक्टर किंवा समांतर कॉम्प्रेसर अशा जादा उपकरणांची भर घालावी लागते. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना दाब १०० बारच्या आसपास असतो. जवळपास असं यंत्र हाताळणारा तंत्रज्ञ आहे का, हे खरेदीआधी विचारा. तो थेट स्लॅबमध्ये फिरवायचा असेल तर नवा स्लॅबच लागतो, कारण स्लॅबमध्येही त्याचा दाब जुने प्लॅस्टिक पाइप झेलू शकत नाहीत.

स्लॅब: ठेवायचा, झाकायचा की उकरायचा

एक-दोन लूप गळत असतील, तर ते बंद करता येतात. एक लूप म्हणजे जाणारा-येणारा मिळून सुमारे २०० मिलिमीटरचा पट्टा. तो मऊ राहतो, पण चालून जातो. शेजारशेजारचे लूप बंद करायची वेळ आली की खेळ संपला.

जुन्या स्लॅबवर इन्सुलेशन, नवे पाइप आणि नवं काँक्रीट असा थर टाकणं झटपट वाटतं. खालची माती गोठलेली नसेल तरच ते करा. मजल्याची पातळी २०० मिलिमीटर किंवा अधिक वाढते; दारं, बाकं, गाडीचा उतार आणि चाकाच्या खुर्चीची वाट, सगळं पुन्हा जुळवावं लागतं. गोठलेल्या मातीवर असा थर घातला की इन्सुलेशनमुळे माती हळूहळू वितळते, खचते आणि नवा स्लॅब तडकतो.

पूर्ण बदल करायचा असेल तर खालून वर रचना अशी: निचऱ्याची व्यवस्था, दाबलेली खडी-वाळू, तिच्यात उबदार ग्लायकॉलचे पाइप, १०० मिलिमीटर एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन फोमचं) इन्सुलेशन सांधे चुकवून दोन थरांत, प्लॅस्टिकचा सरकता पडदा, मग सळ्या आणि पाइपांसह १२५-१५० मिलिमीटर काँक्रीट. ओतकाम सलग, एकाच खेपेत. मधे सांधा पडला तर भेग तिथेच येणार. पाइप दाबाखाली ठेवूनच काँक्रीट ओतायचं, म्हणजे कुणाचा फावडा लागला तर मापक लगेच पडतो. पातळीचा फरक ३ मीटरमागे ३ मिलिमीटरच्या आत हवा. खालची माती ४-५ अंशांवर राहील एवढी ऊब पुरते. त्यापेक्षा जास्त दिली तर ती वर येऊन बर्फाचाच भार वाढवते. गोठलेली माती एकतर काढा किंवा पूर्ण वितळू द्या. याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि वेळापत्रक कोसळतं ते बहुतेक इथेच.

उन्हाळ्यात मजला दुसऱ्या खेळांना द्यायचा नसेल, तर वाळूचा तळ हा विचार करण्याजोगा स्वस्त पर्याय आहे. पाइप वाळूत राहतात, दुरुस्ती फावड्याने होते.

बोर्ड आणि काचा स्लॅबच्या कामातच बदला, कारण त्यांचे नांगरबोल्ट स्लॅबच्या कडेत असतात. ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर पॉलिएथिलिनचा पत्रा, आणि धडकेला थोडी लवणारी रचना. पॅरा आइस हॉकीसाठी (दिव्यांग खेळाडू घसरगाडीवर बसून खेळतात ती हॉकी) बाकांकडचा मजला बर्फाच्या पातळीला आणि समोरचे बोर्ड पारदर्शक लागतात; हे स्लॅबच्या नकाशातच ठरवावं लागतं, नंतर जमत नाही.

पर्यायांचा हिशेब

प्रत्येक पर्यायाचा ठरलेल्या वर्षांचा एकूण खर्च आजच्या किमतीत काढा. नमुन्यादाखल, व्याजदर ४ टक्के:

पर्याय अ: आज डागडुजीला २० एकक, आठ वर्षं वीज-देखभाल दरसाल १०, आठव्या वर्षी यंत्र बदलणं भागच, ७० एकक, त्यानंतर दरसाल ७. पर्याय आ: आजच भार कमी करून नवं यंत्र, ८० एकक, दरसाल ६.५.

पंचवीस वर्षांसाठी अ साधारण २०१ एकक होतो, आ साधारण १८२. यंत्र भर हंगामात बंद पडून १२ एककांचं उत्पन्न बुडालं असं धरलं, तर अ २०९ वर जातो. पण रिंक आठच वर्षं चालवून बंद करायची असेल, तर अ ८७ आणि आ १२४. यंत्रं तीच, इमारत तीच, फक्त वर्षांचा आकडा बदलला आणि निकाल उलटला. म्हणून तो आकडा आधी लेखी हवा. नंतर विजेचा दर दीडपट धरून आणि व्याजदर २ व ६ टक्के धरून पुन्हा मांडा. निकाल हलला नाही तर निर्णय पक्का समजा.

नव्या इमारतीशी तुलना करतानाही हीच पद्धत. साचलेल्या दुरुस्त्यांची बेरीज भागिले नवी इमारत बांधण्याचा खर्च, हे प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे असेल तर इमारत गंभीर अवस्थेत धरतात. छताचा सांगाडा आणि गोठलेली माती दोन्ही एकाच वेळी वाईट निघाली, तर आम्ही नव्या इमारतीच्या बाजूने झुकू. एकच वाईट असेल तर जुनी वाचवण्यासारखी असते.

काम आणि सुपूर्तता

पूर्ण स्लॅब आणि यंत्र मिळून चार ते सहा महिने बंद ठेवण्याची तयारी ठेवा. चिलर आणि कॉम्प्रेसर यायला कित्येक महिने लागतात, म्हणून त्यांची ऑर्डर तोडफोडीच्या बरीच आधी, वेगळ्या टेंडरने द्या. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर क्रम असा ठेवा: छताची सुरक्षितता, चिलर, भार कमी करणारी कामं, स्लॅब-बोर्ड, आणि सर्वांत शेवटी खोल्या. स्लॅब तीन-चार वर्षांत उकरायचाच असेल, तर नव्या यंत्रखोलीतून हेडरसाठी जोड आणि व्हॉल्व्ह आत्ताच काढून ठेवा.

काँक्रीटला २८ दिवस द्या. मग ब्राइन हळूहळू थंड करा. स्लॅब आणि ब्राइन यांच्यात काही अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, घाई केली की केसासारख्या भेगा पडतात. स्लॅब उणे ८-९ वर आला की पाण्याचे तुषार मारून एक-एक मिलिमीटरचे थर, त्यावर पांढरा रंग, पुन्हा पातळ थर, रेघा, आणि मग मुख्य बर्फ.

ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के सर्वांत उष्ण महिन्यापर्यंत रोखून धरण्याची अट करारात घाला. त्या महिन्यात, रिंक भरलेली असताना, बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान किमान नऊ जागी इन्फ्रारेड मापकाने घ्या. कुठल्याही दोन जागांत एका अंशाहून जास्त फरक असेल तर प्रवाह पुन्हा जुळवून मागा. स्लॅबखालच्या तापमानाची नोंद पहिल्या दिवसापासून रोज ठेवा, आणि एक वर्षाची वॉरंटी असेल तर अकराव्या महिन्यात हेडर, जोडनळ्या आणि ब्राइनची पूर्ण तपासणी स्वतःच्या माणसाकडून करून त्रुटींची लेखी यादी ठेकेदाराला द्या.